खड्डा बुजवून घेणे वेगळे, रस्ता यादीत घालणे वेगळे : नाशिकमधल्या कॉलनी रस्त्याच्या डांबरीकरणाचा क्रम

जुलै-ऑगस्टमध्ये खड्ड्याचा फोटो काढायचा, महापालिकेच्या ॲपवर टाकायचा, चार दिवसांनी कुणीतरी मुरूम-खडी टाकून गेलं की तक्रार ‘निकाली’ दिसते, आणि दिवाळीत त्याच जागी पुन्हा गाडी आपटते. मग लोक म्हणतात, तक्रार करून उपयोग नाही. उपयोग झालेला असतो. तुम्ही खड्डा बुजवायला सांगितला, त्यांनी बुजवला. डांबरीकरण तुम्ही मागितलंच नव्हतं.

खड्डे बुजवणं देखभालीच्या वार्षिक ठेक्यातून होतं. नवा थर टाकायला अंदाजपत्रक, मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा लेखी आदेश) ही साखळी लागते. दोन्हींचं खातं एकच असलं तरी फाइल वेगळी आणि पैशाचं शीर्षही वेगळं. खालचा क्रम दुसऱ्या फाइलसाठी आहे. सोसायटीचे पदाधिकारी, कॉलनीचं मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ, कुणीही हा क्रम पाळू शकतं. दोन-तीन माणसं आणि एक रविवार सकाळ पुरते.

## आधी एवढं माहीत हवं: सरकार रस्ता कसा मोजतं

राष्ट्रीय महामार्गांवर लेझर, कॅमेरे आणि जीपीएस बसवलेली सर्वेक्षण गाडी फिरते. ती चालत्या वेगात भेगा, खड्डे, चाकोऱ्या (चाकांखाली दबलेले लांब पट्टे) आणि खडबडीतपणा नोंदवते. रस्त्याची आतली ताकद बघायची तर ‘फॉलिंग वेट डिफ्लेक्टोमीटर’ने वजन आपटून रस्ता किती लवतो ते मोजतात. जुनी पद्धत बेंकेलमन बीमची: मागच्या आसावर ८,१७० किलो भार असलेला ट्रक उभा करायचा आणि तो पुढे सरकल्यावर रस्ता किती वर येतो ते वाचायचं. ही मोजणी पावसाळा संपल्या संपल्या करायची असते, कारण तेव्हा खालची माती सगळ्यात कमजोर असते.

इंदिरानगरच्या किंवा म्हसरूळच्या कॉलनीत यातलं काहीही येत नाही. तिथे कनिष्ठ अभियंता चालत किंवा दुचाकीवरून फिरतो, डोळ्यांनी पाहतो आणि विभागाच्या कामांच्या यादीत लिहितो. त्याच्याकडे रस्ते अनेक, वेळ थोडा. तुम्ही मोजमाप तयार करून दिलंत तर त्याचं काम हलकं होतं आणि तुमचा रस्ता यादीत बसतो.

डोळ्यांनी पाहून गुण देण्यालाही नियम आहे. इंडियन रोड्स काँग्रेसची ‘आयआरसी ८२’ ही डांबरी रस्त्यांच्या देखभालीची संहिता (२०१५ची आवृत्ती) भेगा, खडी सुटणं, खड्डे, पॅच, खचणं, चाकोरी हे दोष क्षेत्रफळाच्या टक्केवारीत मोजून चांगला, मध्यम, खराब असं ठरवते. महामार्गांच्या तक्त्यात भेगा १० टक्क्यांच्या वर, खड्डे १ टक्क्याच्या वर किंवा चाकोरी १० मिलिमीटरहून खोल असेल तर रस्ता खराब. शहरी रस्त्यांचा तक्ता वेगळा आहे, पण मोजायची रीत तीच.

## टप्पा १ : रस्ता कुणाचा, हे कागदावर ठरवा

सगळ्यात जास्त अर्ज इथेच मरतात. नाशिक शहरात एकाच चौकात तीन मालक भेटू शकतात. मुंबई-आग्रा महामार्ग आणि त्यावरचा उड्डाणपूल राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे. शहराबाहेर जाणाऱ्या रस्त्यांचे काही पट्टे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. देवळाली छावणी परिसर कँटोन्मेंट बोर्डाकडे. हद्दीबाहेरचे गावरस्ते जिल्हा परिषदेकडे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतीत एमआयडीसी आणि महापालिका, दोन्हीकडे विचारून लेखी उत्तर घ्या.

आणि खरी गोम कॉलनी रस्त्याची. विकासकाने ले-आउट पाडला, प्लॉट विकले, पण आतला रस्ता महापालिकेकडे वर्गच केला नाही, असं आडगाव, मखमलाबाद, पाथर्डी फाटा या वाढत्या भागांत होतं. कागदावर तो रस्ता खासगी असतो. त्यावर महापालिकेचा पैसा खर्च करायला लेखापरीक्षण हरकत घेतं, म्हणून अभियंता टाळतो. तो तुम्हाला तसं तोंडावर सांगेलच असं नाही.

काय करायचं: मंजूर ले-आउटची प्रत काढा. नगररचना विभागात रस्त्याची रुंदी आणि तो महापालिकेच्या ताब्यात आहे का ते पाहा. नसेल तर डांबरीकरणाचा अर्ज बाजूला ठेवून आधी ताबा देण्याचा अर्ज करा.

तपासा: ‘हा रस्ता महापालिकेच्या ताब्यात आहे’ असं सांगणारा एक तरी कागद हातात आहे का? नसेल तर पुढचे टप्पे वाचा, पण अर्ज करू नका.

## टप्पा २ : हमीचा काळ संपलाय का?

प्रत्येक डांबरीकरणाच्या करारात दोषदायित्व कालावधी असतो. त्या काळात रस्ता उखडला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा. किती वर्षं, ते त्या निविदेत लिहिलेलं असतं. ऐकीव आकड्यावर जाऊ नका.

हा काळ चालू असताना तुम्ही नवं डांबरीकरण मागितलंत तर दोन गोष्टी होतात. अर्ज फेटाळला जातो, हे बरं. किंवा मंजूर होतो, हे वाईट, कारण ठेकेदाराची जबाबदारी जनतेच्या पैशाने पुसली जाते. त्यामुळे आधी मागच्या कामाचा कार्यारंभ आदेश आणि काम पूर्ण झाल्याचा दाखला मागवा. काळ शिल्लक असेल तर अर्जाचा विषय असा लिहा: ‘दोषदायित्व कालावधीत ठेकेदाराकडून दुरुस्ती करून घेण्याबाबत’. हा रस्ता सगळ्यात लवकर दुरुस्त होतो, कारण त्यासाठी नवी तरतूद लागत नाही.

माहिती अधिकारात मागताना एक अडचण येते. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा आहे. लोक तीन पानी व्यथा लिहितात आणि अर्ज परत येतो. एवढं पुरे:

> ‘(रस्त्याचं नाव, कुठून कुठपर्यंत) या रस्त्यावर शेवटचे डांबरीकरण झाले त्या कामाचा कार्यारंभ आदेश, काम पूर्णत्वाचा दाखला, दोषदायित्व कालावधी नमूद असलेले निविदेतील पान आणि मोजमाप पुस्तिकेतील संबंधित पाने यांच्या प्रती द्याव्यात.’

शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर नाही आलं किंवा अर्धवट आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. ‘रस्ता का खराब झाला?’ असा प्रश्न विचारू नका. कायदा कागद देतो, कारणमीमांसा देत नाही.

## टप्पा ३ : मोजणी

कधी? सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. भर पावसात खड्ड्यात पाणी असतं, खोली दिसत नाही. डिसेंबरमध्ये गेलात तर मुरमाने बुजवलेले खड्डे बरे दिसतात आणि भेगांमध्ये धूळ बसलेली असते. पाऊस थांबला की दोन-तीन कोरडे दिवस जाऊ द्या आणि सकाळी लवकर निघा. तिरप्या उन्हात भेगा आणि चाकोऱ्या ठळक दिसतात.

काय लागेल: ३० मीटरची टेप, खडू, मिस्त्रीकडची दोन-तीन मीटर लांब ॲल्युमिनियमची पट्टी, स्टीलची फूटपट्टी, वही आणि रहदारीकडे लक्ष ठेवणारा एक माणूस. तो शेवटचा माणूस चैन नाही.

१. रस्त्याचे ५०-५० मीटरचे भाग पाडा. सुरुवात कुठल्यातरी कायमच्या खुणेपासून करा: विजेचा खांब (त्यावरचा क्रमांक लिहा), मंदिर, शाळेचं फाटक. ‘पाटील काकांच्या घरापासून’ ही खूण सरकारी कागदात चालत नाही.

२. प्रत्येक भागात डांबरी पृष्ठभागाची रुंदी तीन ठिकाणी मोजा आणि सरासरी घ्या. साइडपट्टी धरू नका.

३. प्रत्येक दोषाभोवती खडूने चौकोन आखा, लांबी-रुंदी लिहा. जाळीदार भेगा वेगळ्या, सुटलेली खडी वेगळी, खड्डे वेगळे, जुने पॅच वेगळे, खणलेले चर वेगळे. सगळं ‘खराब’ या एकाच रकान्यात घातलंत तर मोजणी वाया गेली. उपाय दोषाच्या प्रकारावरून ठरतो.

४. चाकाच्या पट्ट्यात रस्ता दबला असेल तर पट्टी आडवी टेकवा आणि मधली फट फूटपट्टीने मोजा.

५. पाणी कुठे साचतं ते रहिवाशांना विचारून नोंदवा. शक्य असेल तर पावसाळ्यात काढून ठेवलेला फोटो जोडा. डांबराचा खरा शत्रू साचलेलं पाणी. उतार नसलेल्या रस्त्यावर कितीही चांगला थर टाका, दुसऱ्या पावसात तो तिथेच उखडतो.

६. फोटो काढताना चौकटीत टेप आणि भाग क्रमांकाची चिठ्ठी हवी. नुसता खड्ड्याचा जवळून काढलेला फोटो कुठल्याही रस्त्याचा असू शकतो.

आता आकडेमोड. समजा रस्ता ३०० मीटर लांब, ६ मीटर रुंद. एकूण १,८०० चौरस मीटर. ५० मीटरचा एक भाग ३०० चौरस मीटर. चौथ्या भागात भेगा ४८ चौरस मीटर भरल्या, म्हणजे १६ टक्के. पाचव्यात ३९, म्हणजे १३ टक्के. बाकी चार भागांत मिळून १५. संपूर्ण रस्त्याची सरासरी काढलीत तर १०२ चौरस मीटर, म्हणजे ६ टक्क्यांच्याही आत. कागदावर ‘मध्यम’ रस्ता, यादीत तळाला. म्हणून सरासरी देऊ नका, भागवार तक्ता द्या. खरं चित्रही तेच आहे: चौथा आणि पाचवा भाग मुळापासून गेलाय, बाकी रस्ता वाचवता येतो.

खड्ड्यांबाबत एक लक्षात घ्या. ३०० चौरस मीटरमध्ये १ टक्का म्हणजे फक्त ३ चौरस मीटर. टक्केवारी लहान दिसली म्हणून नोंद गाळू नका.

सावधान: आकडे फुगवू नका. अभियंता स्थळपाहणीला येतोच. एक आकडा खोटा निघाला की सगळा तक्ता कचऱ्यात.

## टप्पा ४ : नेमकं काय मागायचं

‘रस्ता नवीन करून मिळावा’ या वाक्याचा तांत्रिक अर्थ काहीच नाही. मोजणीवरून मागणी लिहा.

पृष्ठभाग कोरडा, रंग उडालेला, बारीक खडी सुटू लागलेली, पण भेगा नाहीत: सील कोट किंवा मायक्रोसरफेसिंग, म्हणजे वरून दिलेला पातळ संरक्षक थर. स्वस्त, आणि वेळेत केलं तर रस्त्याचं आयुष्य वाढवणारं. आपल्याकडे हे कुणी मागत नाही, कारण रस्ता अजून ‘चांगला’ असतो. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही.

भेगा आहेत पण रस्ता खचलेला नाही: भेगा भरून, उतार सुधारून वर नवा थर.

जाळीदार भेगा आणि त्याच जागी रस्ता खाली बसलेला: पाया गेला. नाशिकच्या बऱ्याच भागांत खाली काळी माती आहे. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. अशा जागी वरून डांबर टाकणं म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणं. तेवढा भाग खणून, मुरूम-खडीकरण करून मग डांबर, असंच मागा.

सावधान: थरावर थर चढवून रस्ता उंच होतो आणि पहिल्या मोठ्या पावसात पाणी फाटकातून आत येतं. रस्त्याची पातळी तुमच्या जोत्याजवळ आली असेल तर ‘जुना थर खरवडून मगच नवा थर’ ही अट अर्जातच लिहा. काम सुरू झाल्यावर सांगितलंत तर ती अंदाजपत्रकात नसते आणि होत नाही.

## टप्पा ५ : जमिनीखालचं आधी

डांबर पडलं आणि महिन्याभरात गॅसवाहिनीसाठी चर खणला, हे दृश्य कुणाला नवं नाही. अर्ज देण्याआधी चार ठिकाणी लेखी विचारा: पाणीपुरवठा, ड्रेनेज, वीज वितरण आणि तुमच्या भागात काम करणारी गॅस व फायबरची कंपनी. येत्या वर्षभरात इथे खोदाई प्रस्तावित आहे का, एवढाच प्रश्न. २०२७च्या सिंहस्थामुळे शहरात मोठ्या वाहिन्यांची आणि रस्त्यांची कामं चालू आहेत. तुमचा रस्ता त्या कामांत आधीच असेल तर तुमची फाइल वेगळ्या दिशेने न्यावी लागेल.

सोसायटीनेही स्वतःचं घर बघावं. कुणाला नळजोडणी वाढवायची आहे, कुणाचं ड्रेनेज तुंबतंय, ते आत्ता उरकून घ्या.

आधीच खणलेले चर असतील तर त्यांचं काय? खोदाईची परवानगी देताना महापालिका रस्ता पूर्ववत करण्याचं शुल्क भरून घेते. म्हणजे त्या चराचे पैसे कुणीतरी भरलेले असतात. परवानगी क्रमांक मागा आणि चराची दुरुस्ती त्या खात्यातून मागा. तुमच्या डांबरीकरणाच्या अंदाजपत्रकात ती घुसू देऊ नका.

## टप्पा ६ : अर्ज कुठे आणि कधी

महापालिकेचे सहा विभाग आहेत: नाशिक पूर्व, नाशिक पश्चिम, पंचवटी, नाशिकरोड, नवीन नाशिक आणि सातपूर. अर्ज तुमच्या विभागाच्या बांधकाम खात्यात द्यायचा, प्रत शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात शहर अभियंत्यांना, आणि एक प्रत प्रभागातल्या नगरसेवकांना. थेट आयुक्तांना दिलेला अर्ज फिरत-फिरत शेवटी त्याच कनिष्ठ अभियंत्याच्या टेबलावर येतो, फक्त महिनाभर उशिरा.

वेळ महत्त्वाची. आयुक्तांचं अंदाजपत्रक जानेवारी-फेब्रुवारीत स्थायी समितीसमोर जातं. विभागांकडून कामांच्या याद्या त्याआधी तयार होतात. म्हणून ऑक्टोबरमध्ये मोजणी, नोव्हेंबरमध्ये अर्ज. मार्चमध्ये दिलेला अर्ज पुढच्या वर्षाच्या गठ्ठ्यात जातो.

अर्ज दोन पानांचा: पहिल्यावर रस्त्याचं नाव, लांबी-रुंदी, मालकीचा कागद, मागच्या कामाची तारीख, मागणी. दुसऱ्यावर भागवार तक्ता. फोटो आणि खोदाईची उत्तरं जोडपत्रात. शाळा, दवाखाना, बसमार्ग, घंटागाडीचा मार्ग असेल तर ते जरूर लिहा. दोन सारख्या खराब रस्त्यांत वापर जास्त असलेला रस्ता पुढे जातो.

तपासा: आवक क्रमांक आणि शिक्का असलेली पोच घेतली का? व्हॉट्सॲपवरचा निळा टिक म्हणजे पोच नव्हे.

## टप्पा ७ : पाठपुरावा

अर्जानंतर कनिष्ठ अभियंत्याला स्थळपाहणीसाठी बोलवा आणि तक्ता हातात घेऊन त्याच्यासोबत चाला. नंतर विचारायचे प्रश्न क्रमाने असे: अंदाजपत्रक तयार झालं का? प्रशासकीय मान्यता (कामाला आणि खर्चाला होकार)? तांत्रिक मंजुरी (अंदाजपत्रकाला अभियंत्यांचा होकार)? निविदा? कार्यारंभ आदेश? ‘काम कधी सुरू होणार?’ या प्रश्नाला ‘लवकरच’ हे उत्तर मिळतं. ‘तांत्रिक मंजुरी कुठल्या तारखेला मिळाली?’ याला तारीख द्यावी लागते किंवा नाही म्हणावं लागतं.

फाइल एकाच जागी अडकली तर लोकशाही दिनात (अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समोर ऐकतात तो दिवस) मांडा. तो दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि अर्ज आधी द्यावा लागतो.

## टप्पा ८ : काम चालू असताना

ठेकेदाराशी वाद घालायचा नाही. जागेवर अभियंता हवा आणि अंदाजपत्रकाची प्रत तुमच्या हातात हवी. मग एवढं पाहा.

झाडलोट: जुना पृष्ठभाग कॉम्प्रेसरने किंवा ब्रशने स्वच्छ झाला का? धुळीवर डांबर चिकटत नाही.

टॅक कोट (नवा थर जुन्याला चिकटावा म्हणून मारलेला फवारा): इमल्शन, म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर, फवारल्यावर तपकिरी दिसतं, पाणी उडालं की काळं होतं. काळं होण्याआधी माल पडला तर थांबवायला सांगा.

तापमान: व्हीजी-३० या प्रतीच्या डांबराचा माल पसरताना किमान १४० अंश आणि रोलिंग संपेपर्यंत ९० अंशांच्या वर हवा. अभियंत्याला मालात खुपसायचा थर्मामीटर लावायला सांगा. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर फक्त वरची साय मोजतो.

हवा: पाऊस, ओला पृष्ठभाग किंवा १० अंशांखालचं हवेचं तापमान असेल तर साध्या डांबराचं काम थांबवायचं असतं. नाशिकच्या जानेवारीतली पहाट यात सहज बसते, त्यामुळे ऊन वर आल्यावरच काम सुरू व्हायला हवं.

माल: वरच्या उदाहरणातल्या १,८०० चौरस मीटरवर ३० मिलिमीटरचा दाबलेला थर म्हणजे ५४ घनमीटर. घनमीटरला साधारण २.३ ते २.४ टन धरले तर १२५ ते १३० टन. आलेल्या डंपरच्या वजन चलनांची बेरीज करा. ९० टन भरली तर थर कुठेतरी पातळ आहे, मग पट्टी घेऊन शोधायची गरज नाही.

चेंबर: झाकणं नव्या पातळीला उचलली का? डांबराखाली गाडलेलं झाकण ड्रेनेज तुंबल्यावर पुन्हा खणून काढावं लागतं.

उतार: ६ मीटरच्या रस्त्यात मध्यापासून कडेपर्यंत साधारण ६ ते साडेसात सेंटिमीटरचा फरक हवा. दोरी ताणून पाच मिनिटांत कळतं. आणि कडेचं पाणी गटारात जायला वाट आहे का तेही बघा.

## टप्पा ९ : पहिला पावसाळा

काम संपल्याची तारीख आणि दोषदायित्व कालावधीची शेवटची तारीख सोसायटीच्या फलकावर लावा. पुढच्या ऑक्टोबरमध्ये त्याच खुणांपासून तोच ५० मीटरचा तक्ता पुन्हा भरा. कुठे खडी सुटलेली, सांधा उघडलेला किंवा भाग बसलेला दिसला तर लगेच लेखी कळवा, पोच घ्या. दोषदायित्वाचा शेवटचा महिना उजाडायची वाट पाहू नका. ठेकेदाराची अनामत परत गेली की तेच काम पुन्हा टप्पा १ पासून सुरू होतं.